विरोधात एकही मत नाही, तरी खुर्ची शाबूत!

चावडीवर, एस.टी. स्टँडवर, सोसायटीच्या ओट्यावर एक वाक्य तुम्ही हमखास ऐकले असेल. "एवढे अर्ज केले, पेपरात छापून आले, चौकशीसुद्धा बसली, पण साहेब काही हलत नाही!" त्यावर दुसरा म्हणतो, "वरपर्यंत हात पोचलेत त्याचे." तिसरा तंबाखू मळत म्हणतो, "आपल्याला काय करायचंय? पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" आणि विषय तिथेच मिटतो.

वाचकहो, साहेब का हलत नाही याची कारणे दोन. एक कायद्यात आहे, ते बऱ्याच जणांना अर्धवट माहीत असते. दुसरे कारण त्या तिसऱ्या माणसाच्या बोलण्यात आहे. ते कुणी मोजत नाही. हे दुसरे कारण पहिल्याइतकेच वजनदार आहे, हे देशाच्या लोकसभेत १९९३ साली आकड्यानिशी दिसून आले. ती हकीकत आधी पाहू, मग आपल्या तालुक्याकडे येऊ.

१९६ मते बाजूने, शून्य विरुद्ध

व्ही. रामस्वामी हे १९८७ ते १९८९ या काळात पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. ऑक्टोबर १९८९ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यानंतर चंडीगडच्या त्यांच्या सरकारी बंगल्यासाठी झालेल्या खर्चाबद्दल बोभाटा झाला. फर्निचर, गालिचे अशा खरेदीत सरकारी पैसा नियम डावलून उधळला, असा आरोप होता. १९९० मध्ये सरन्यायाधीश सव्यसाची मुखर्जी यांनी त्यांना न्यायदानाच्या कामापासून दूर राहण्याचा सल्ला दिला. नीट वाचा, सल्ला दिला. हुकूम देण्याचा अधिकार सरन्यायाधीशांनाही नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीला काढायचे तर राज्यघटनेच्या कलम १२४ (४) प्रमाणे जावे लागते. लोकसभेच्या किमान १०० किंवा राज्यसभेच्या किमान ५० सदस्यांनी प्रस्ताव द्यायचा. तो दाखल झाला की तिघांची समिती चौकशी करते. समितीत एक सर्वोच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती, एक उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्ती आणि एक नामवंत कायदेपंडित असतो. समितीने दोषी म्हटले तर दोन्ही सभागृहांत मतदान. आणि प्रत्येक सभागृहात दुहेरी बहुमत लागते. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, शिवाय सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त.

रामस्वामी यांच्याविरुद्धच्या प्रस्तावावर १०८ खासदारांच्या सह्या होत्या. सभापती रवी राय यांनी तो १२ मार्च १९९१ रोजी दाखल करून घेतला, आणि लगेच लोकसभाच विसर्जित झाली. आता लोकसभा गेली म्हणजे प्रस्तावही गेला का, यावर कोर्टकज्जा झाला. ऑक्टोबर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रस्ताव जिवंत आहे. मग समितीचे काम सुरू झाले. समितीत न्या. पी. बी. सावंत, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. देसाई आणि निवृत्त न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी होते. म्हणजे महाराष्ट्राशी या चौकशीचा जवळचा संबंध होता. समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध झाल्याचे सांगितले.

१० आणि ११ मे १९९३ ला लोकसभेत चर्चा झाली. सोमनाथ चॅटर्जी यांनी ठराव मांडला. रामस्वामी यांची बाजू त्यांचे वकील कपिल सिब्बल यांनी सभागृहापुढे तासन्‌तास मांडली. मग मतदान. सभागृहात ४०१ सदस्य हजर होते. ठरावाच्या बाजूने १९६ मते पडली. विरोधात किती? एकही नाही. उरलेले २०५ सदस्य जागेवर बसून राहिले, मतच दिले नाही. हे प्रामुख्याने त्यावेळच्या सत्ताधारी काँग्रेसचे आणि मित्रपक्षांचे सदस्य होते.

मत देणाऱ्यांपैकी शंभर टक्के लोक "काढा" म्हणाले, तरी ठराव पडला. कारण एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त म्हणजे २७३ मते लागत होती. रामस्वामी निर्दोष आहेत असे एकाही खासदाराने मत देऊन सांगितले नाही. ते दोषी आहेत असेही सभागृहाने ठरवले नाही. १९९४ मध्ये ते निवृत्त झाले.

लक्षात घ्या, अशा मतदानात गप्प बसणे हे तटस्थ राहणे नसते. मोजणीच्या वेळी ते आरोप असणाऱ्याच्या खात्यात जमा होते.

नंतर काय झाले?

पुढे २०११ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याविरुद्ध प्रस्ताव आला. १८ ऑगस्ट २०११ रोजी राज्यसभेने तो १८९ विरुद्ध १७ मतांनी मंजूर केला. लोकसभेत मतदान व्हायच्या आत, सप्टेंबरच्या सुरुवातीला, त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी सिक्कीम उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती पी. डी. दिनकरन यांनीही चौकशी चालू असतानाच पद सोडले. २०२५ च्या मार्चमध्ये दिल्लीत न्या. यशवंत वर्मा यांच्या निवासस्थानी आग लागल्यानंतर तेथे नोटा सापडल्याचा गाजावाजा झाला. त्यांनी आरोप नाकारले. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेच्या सभापतींनी १४६ सदस्यांचा प्रस्ताव दाखल करून तिघांची समिती नेमली.

सेन आणि दिनकरन यांच्या बाबतीत एक गोष्ट दिसते. शेवटच्या मतदानापर्यंत गाडी जाण्याची गरजच पडली नाही. चौकशी नेटाने पुढे सरकली आणि सभागृह गप्प बसणार नाही हे दिसले, की राजीनाम्याचा कागद आपोआप निघतो. कायदा १९९३ मध्ये होता तोच होता. फरक पडला तो बोलणाऱ्यांच्या संख्येत.

एवढे कुंपण घातलेच कशाला?

तुम्ही विचाराल, घटना लिहिणाऱ्यांनी ही वाट एवढी अवघड का केली? भानगड केली की घालवा घरी, एवढे सोपे का नाही ठेवले?

असे समजा की धरणात किंवा रस्त्यात तुमची जमीन गेली. सरकारने ठरवलेला मोबदला तुम्हाला मान्य नाही म्हणून तुम्ही कोर्टात गेलात. न्यायाधीशाने सरकारविरुद्ध निकाल देऊन मोबदला वाढवून दिला. आता सरकारला मनात येईल तेव्हा न्यायाधीश काढता येत असता, तर असा निकाल देण्याची छाती किती जणांची झाली असती? किंवा रात्री नदीपात्रात जाऊन वाळूचा ट्रक पकडणारा तहसीलदार घ्या. ट्रक ज्याचा आहे त्याच्या एका फोनवर तहसीलदाराची नोकरी जात असती, तर नदीत वाळूचा कणही शिल्लक राहिला नसता.

म्हणून घटनेत कलम ३११ आहे. सरकारी नोकराला ज्याने नेमले त्याच्याहून खालचा अधिकारी त्याला बडतर्फ करू शकत नाही. आणि आरोप सांगून, बाजू मांडायची संधी देऊन, चौकशी केल्याशिवाय काढता येत नाही. सरदार पटेलांनी १९४९ मध्ये घटना समितीत नोकरशाहीला असे संरक्षण द्यावे म्हणून आग्रह धरला होता. अधिकाऱ्याला मंत्र्यापुढे आपले खरे मत निर्भयपणे मांडता आले पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता.

हे कुंपण प्रामाणिक माणसासाठी घातले. पण कुंपणाआड कोण बसला आहे ते कुंपणाला कळत नाही. खरा अधिकारी आणि खाणारा अधिकारी, दोघांनाही ते सारखेच राखते. आणि काही वेळा, आपल्याकडे म्हणतात तसे, कुंपणच शेत खाते.

कुंपण काढून टाकले तर काय होते, त्याचीही उदाहरणे आपल्या राज्यात आहेत. रायगड जिल्ह्यातील उरण नगरपालिकेच्या अध्यक्षांना राज्य सरकारने गैरवर्तनाच्या ठपक्यावरून पदावरून दूर केले होते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये तो हुकूम रद्द केला. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला काढणे ही हलक्या हाताने करायची गोष्ट नाही, त्यामागे भक्कम कारण आणि पुरावा हवा, असे न्यायालयाने बजावले. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये जळगाव जिल्ह्यातील एका गावच्या महिला सरपंचाला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पदावर बसवले. सरकारी जागेवरील घरात राहते, या तक्रारीवरून तिला अपात्र ठरवले होते. गावातल्या काहींना बाईने सरपंच होणे आणि तिचे ऐकावे लागणे पचले नाही, आणि अधिकाऱ्यांनी शहानिशा न करता हुकूम काढले, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

तेव्हा "लगेच काढा" म्हणताना हेही ध्यानात ठेवा. आज ज्या दाराने नकोसा साहेब बाहेर जाईल, उद्या त्याच दाराने तुमचा चांगला ग्रामसेवक किंवा तुमची खमकी सरपंच बाहेर जाईल.

जितकी खुर्ची उंच, तितका जिना लांब

आता आपल्या जिल्ह्यातले पाहू. तलाठ्याला, म्हणजे २०२४ च्या निर्णयानंतरच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, नेमणारा आणि शिक्षा करणारा अधिकारी जिल्ह्यातच बसतो. ग्रामसेवकाचेही तसेच, त्याचा मामला जिल्हा परिषदेत. म्हणून तलाठी-ग्रामसेवक निलंबित झाल्याच्या बातम्या तुम्ही वरचेवर वाचता.

पण भारतीय प्रशासन सेवेतला, म्हणजे आय.ए.एस. अधिकारी असेल, तर राज्य सरकार त्याला निलंबित करू शकते, बडतर्फ करू शकत नाही. तो अधिकार केंद्राचा. त्याआधी संघ लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा लागतो. म्हणजे कागद जिल्ह्यातून मुंबईला, मुंबईहून दिल्लीला आणि तिथे दोन-तीन टेबलांवरून फिरणार.

वरिष्ठांसाठी तर एके काळी आणखी एक दार होते. केंद्रात सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांची साधी चौकशी करायलाही सी.बी.आय.ला सरकारची परवानगी लागे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये विनीत नारायण खटल्यात तो आदेश रद्द केला. २००३ मध्ये सरकारने तीच तरतूद कायद्यात घातली. मे २०१४ मध्ये न्यायालयाने तीही रद्द केली. लाच घेणारा लहान असो वा मोठा, चौकशीच्या बाबतीत भेद करता येणार नाही, असे त्या निकालाचे सार. २०१८ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात कलम १७ अ घालण्यात आले. सरकारी कामात घेतलेल्या निर्णयाबद्दल कोणाही लोकसेवकाची चौकशी करायची तर आधी मंजुरी हवी, असे ते कलम. मात्र लाच घेताना रंगेहाथ पकडायचे असेल तर या मंजुरीची गरज त्या कलमाने ठेवली नाही. म्हणून सापळा लागतो तो बहुधा टेबलाखालून पाचशेच्या नोटा घेणाऱ्याला. कोट्यवधींच्या कामावर सही करणाऱ्याच्या बाबतीत मात्र मंजुरीचे घोडे पेंड खाते.

सापळ्यानंतर कोर्टात खटला भरायचा तर पुन्हा कलम १९ प्रमाणे मंजुरी. ती तीन महिन्यांत, फार तर आणखी एक महिना घेऊन, द्यावी किंवा नाकारावी, असे २०१८ च्या दुरुस्तीने सांगितले.

निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे

"साहेब सस्पेंड झाला" म्हणून गावात पेढे वाटू नका. निलंबन ही शिक्षा नाही. चौकशी होईपर्यंत माणसाला खुर्चीपासून लांब ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो. तो आधी साधारण निम्म्या पगाराइतका असतो. तीन महिन्यांनंतर, विलंब त्याच्यामुळे झाला नसेल तर, तो वाढवता येतो. आणि तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन तसेच लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले. म्हणजे वरच्या ऑफिसने कागद वेळेत तयार केले नाहीत, तर साहेब सन्मानाने परत येतो.

बदली तर शिक्षा मुळीच नव्हे. तुमच्या तालुक्यातली पीडा दुसऱ्या तालुक्याच्या माथी, एवढेच.

खरी शिक्षा विभागीय चौकशीनंतर येते. तिच्या पायऱ्या अशा. आधी प्राथमिक चौकशी. मग दोषारोपपत्र. अधिकाऱ्याचा खुलासा. चौकशी अधिकारी आणि सरकारची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी यांची नेमणूक. साक्षीपुरावे, उलटतपासणी. चौकशी अहवाल. त्याची प्रत अधिकाऱ्याला द्यायची, त्याचे म्हणणे घ्यायचे. मग हुकूम. त्यावर अपील. सरकारी नोकर असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, पुढे उच्च न्यायालय. यातली एक पायरी चुकली, एक प्रत द्यायची राहिली, की वरचे कोर्ट म्हणते, पुन्हा पहिल्यापासून करा. असे हे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडते, आणि तोवर साहेब निवृत्तीला टेकतो.

निवृत्तीनंतर काय? पेन्शन नियमांप्रमाणे निवृत्त झालेल्यावर नवी विभागीय चौकशी लावायची तर सरकारची मंजुरी लागते आणि प्रकरण चार वर्षांपेक्षा जुने असून चालत नाही. म्हणून "बघू, करू, पुढच्या वर्षी बोलू" म्हणत राहिलात, तर चार वर्षांत ते प्रकरण नियमानेच मेले.

सरपंचाच्या बाबतीतही गप्प बसणारा मोजला जातो

लोकसभेचा तो हिशोब ग्रामपंचायतीतही जसाच्या तसा लागू पडतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये अविश्वास ठरावाचे बहुमत हजर सदस्यांवर मोजत नाहीत. बैठकीत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांवर मोजतात. सदस्यांतून निवडलेल्या सरपंचासाठी दोन तृतीयांश बहुमत होते, महिलेसाठी राखीव पदावरची महिला सरपंच असेल तर तीन चतुर्थांश. थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. अशा सरपंचाला तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर करून भागत नाही. वर ग्रामसभेने गुप्त मतदानाने तो मान्य करावा लागतो. शिवाय पहिली दोन वर्षे आणि शेवटचे सहा महिने ठरावच आणता येत नाही.

समजा हक्काचे मतदार १२ आहेत. तीन चतुर्थांश म्हणजे ९ हवेत. बैठकीला ८ जण आले, आठही जणांनी ठरावाच्या बाजूने हात वर केला, विरोधात कोणीच नाही. ठराव पडला! बाकीचे चौघे कुठे होते? एक लग्नाला गेला होता, एकाचा ट्रॅक्टर बिघडला होता, दोघांना "कुणाचे वाईट व्हायला नको" असे वाटत होते. त्या चौघांनी मत दिले नाही, पण सरपंचाला वाचवले त्यांनीच.

अविश्वास वेगळा आणि गैरवर्तन वेगळे, हेही समजून घ्या. सरपंच पटत नाही म्हणून अविश्वास. पण पैशाची अफरातफर, कर्तव्यात कसूर, लाजिरवाणे वर्तन असेल तर कलम ३९. त्यात मतांची गरज नसते, पुराव्याची असते. जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करून घेतात, सरपंचाचे म्हणणे ऐकले जाते, अहवाल विभागीय आयुक्तांकडे जातो आणि ते निर्णय देतात. चौकशी अहवाल महिन्यात द्यावा असे कलमात म्हटले आहे. दोन्ही गोष्टी एका अर्जात कालवू नका. कालवल्यात तर अर्ज कुठे पाठवायचा यावरच सहा महिने जातील.

अर्ज दप्तरी दाखल का होतो?

तक्रार अर्ज कसे असतात ते एकदा ऑफिसच्या बाजूने पाहा. "अमुक साहेब भ्रष्ट असून गावाची लूट करीत आहेत, तरी सखोल चौकशी होऊन कठोर कारवाई व्हावी, ही विनंती." खाली सही नाही, तारीख नाही. यात चौकशी करायची कशाची? असा अर्ज दप्तरी दाखल होतो, म्हणजे कपाटात जातो.

त्याऐवजी असे लिहा. कोणते काम, कोणत्या तारखेचे, किती रकमेचे. मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले आहे आणि जागेवर काय आहे. पाझर तलावाची माती किती दाखवली आणि किती निघते. कोणाच्या नावावर मजुरी निघाली आणि तो माणूस त्या दिवशी कुठे होता. एका अर्जात एकच प्रकरण. खाली खरे नाव, खरी सही. आवक-जावक विभागात अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न पेरलेले बी, उगवणार कुठून?

कागद हवे असतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक केले. मंजुरी आदेश, बिले, हजेरी पट, मोजमाप पुस्तिका मागा. मात्र अधिकाऱ्याच्या खातेनिहाय चौकशीचे कागद मागितलेत तर नकार येऊ शकतो. ती वैयक्तिक माहिती आहे, व्यापक जनहित दाखवले तरच देता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले आहे. म्हणून साहेबाचे कागद मागण्यापेक्षा कामाचे कागद मागा. काम खोटे निघाले की सही करणारा आपोआप सापडतो.

फाईल अडली असेल तर २००५ च्या बदल्यांच्या कायद्याचे कलम १० दाखवा. साधारण फाईल कोणाही कर्मचाऱ्याच्या टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असे त्यात लिहिले आहे. आणि कोणी लाच मागितली तर पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा. १०६४ हा त्यांचा नंबर. पैसे दिल्यावर सांगणे म्हणजे वरातीमागून घोडे.

साक्षीला उभे राहणार कोण?

एवढे सगळे नीट केले, तरी चौकशी एका जागी हमखास अडखळते. चौकशी अधिकारी गावात येतो, नावे पुकारतो, आणि ज्याने अर्जावर सही केली तोच म्हणतो, "मला काही माहीत नाही, सही कशाची ते वाचले नव्हते." मग अहवालात एकच ओळ उमटते, "आरोप सिद्ध होत नाहीत." साहेब त्या ओळीची फ्रेम करून लावायला मोकळा.

लाचेच्या खटल्यातही हेच व्हायचे. फिर्यादी फितूर झाला की खटला कोसळायचा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की फिर्यादी फिरला किंवा मरण पावला, तरी इतर पुराव्यांवरून लाचेची मागणी सिद्ध करता येते. ही मोठी गोष्ट आहे. पण इतर पुरावा म्हणजे तरी काय? दुसऱ्या कोणी तरी पाहिलेले, ऐकलेले, लिहून ठेवलेलेच ना! तो दुसरा माणूसही गप्प बसला तर घटनापीठ तरी काय करणार?

आणखी एक गैरसमज. कोर्टात सुटला म्हणजे धुतल्या तांदळासारखा, असे नसते. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. विभागीय चौकशीत मात्र कोणती बाजू जास्त संभवनीय आहे हे पाहतात. म्हणून खटल्याच्या निकालाची वाट पाहत विभागीय चौकशी गुंडाळून ठेवू देऊ नका.

ग्रामसेवक, तलाठी, कृषी सहायक मंडळींनाही दोन शब्द. वरचा साहेब तोंडी सांगतो, "लिही रे, मी आहे ना!" चौकशी बसल्यावर मात्र तो नसतो, सही तुमची असते. राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी दिला तर नंतर लेखी दुजोरा द्यावा, असे आहे. तो मागणे हा उद्धटपणा नाही. एका ओळीची टिपणी लिहून फाईलला लावा, "आपल्या तोंडी आदेशानुसार". वर बसलेल्या माणसापर्यंत चौकशी पोचते ती अशाच एखाद्या ओळीने. ती ओळ नसेल तर चौकशी तुमच्यापाशीच थांबते आणि मोठा साहेब बदलीवर निघून जातो.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, भगिनींनो, पुढची ग्रामसभा केव्हा आहे ते बोर्डावर बघून ठेवा. कामांचा हिशोब वाचला जाईल तेव्हा जागेवरून उठून विचारा, आणि विचारलेला प्रश्न तुमच्या नावासह इतिवृत्तात लिहून घ्या. लिहून झाल्यावर वाचायला मागा. एकट्याने उठायला धीर होत नसेल तर चौघांनी आधी ठरवून उठा. कागदावर आलेला प्रश्न वर्षभराने येणाऱ्या चौकशी अधिकाऱ्याला सापडतो. मनात ठेवलेला कुणालाच सापडत नाही. दिल्लीतल्या त्या २०५ जणांच्या मनातही त्या दिवशी काही ना काही असेलच. मोजणीत त्याचा उपयोग झाला नाही.